एसक्यूएल की सीक्वेल? संगणकातली लघुरूपं उच्चारायची कशी

संगणकाच्या कामात नव्याने आलेल्या माणसाची गोची वाचताना फारशी होत नाही, ती होते बोलताना. जे-एस-ओ-एन ही चार अक्षरं पडद्यावर शंभरदा डोळ्यांखालून गेलेली असतात, ती कशासाठी वापरतात तेही ठाऊक असतं. पण मीटिंगमध्ये तोंडाने म्हणायची वेळ आली की जीभ अडखळते आणि 'ती आपली डेटाची फाइल' म्हणून वेळ मारून न्यावी लागते. (ही फाइल 'जेसन'. निदान एक प्रश्न इथेच मिटला.)

सगळ्या लघुरूपांना लागू पडेल असा एकच नियम नाही, आणि तसा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून जपून राहावं. उच्चार ठरतो तो रोज वापरणाऱ्यांच्या तोंडी. तरीही अंदाज बांधायची एक पद्धत आहे, आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत. जिथे अक्षरं सुटी म्हणायची आहेत तिथे मध्ये आडवी रेघ दिली आहे. रेघ नसेल तर अख्खा शब्द म्हणून वाचावं. पायरी ३ पासून मात्र बरीचशी ओळखीची लघुरूपं नेहमीसारखी सलग लिहिली आहेत.

पायरी १: आधी स्वर शोधा

लघुरूप समोर आलं की पहिला प्रश्न हा: यात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी काही आहे का? नसेल तर अक्षरं सुटी म्हणा. एच-टी-टी-पी, डी-एन-एस, एस-एस-एच, टी-एल-एस, एक्स-एम-एल, पी-डी-एफ, व्ही-पी-एन, एल-एल-एम. इथे डोकं चालवायचं कारणच नाही.

दोनच अक्षरं असतील तरीही सुटीच: आय-पी, ओ-एस, यू-आय, ए-आय, व्ही-एम.

स्वर असेल आणि तो व्यंजनांच्या मध्ये नीट बसत असेल, तर बहुधा तो शब्द झालेला असतो. रॅम, रॉम, लॅन, नॅट, सिम, माइम, मिडी, रेड, बायॉस. या शब्दांकडे आता कुणी लघुरूप म्हणून बघतही नाही. फोरट्रान, कोबोल, बेसिक या जुन्या भाषांची नावंसुद्धा अशीच जुळवलेली आहेत, हे वापरणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसतं.

आता अपवाद, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच. स्वर आहे म्हणून यू-आर-एल, ए-पी-आय, यू-एस-बी, आय-डी-ई यांचा शब्द करायला जाऊ नका; ती सुटीच आहेत. स्वर टोकाला असला की शब्द जमून येत नाही, असा ठोकताळा धरला तर यातली बरीचशी सुटतात. पण यू-आय सुटं आणि त्याच्या अलीकडे जी लावला की 'गूई', याला काय म्हणणार? आय-पी सुटं, पण व्ही-ओ-आय-पी मात्र 'व्हॉइप'. हे ऐकूनच कळतं.

पायरी २: अर्धं अक्षर, अर्धा शब्द

ही जात सगळ्यात जास्त गोंधळात टाकते आणि तिचीच पद्धत सगळ्यात साफ आहे. पुढचं एक अक्षर सुटं म्हणायचं आणि उरलेला शब्द जोडून.

जे-पेग, एम-पेग, सी-मॉस, ई-प्रॉम, डी-रॅम, व्ही-लॅन, एल-डॅप, आय-मॅप, ओ-ऑथ, एच-मॅक, डी-डॉस.

असं का होतं याची कारणं दोन. पहिलं कारण तोंडाचं: जे आणि पी, किंवा एल आणि डी ही व्यंजनं शब्दाच्या सुरुवातीला एकत्र म्हणता येत नाहीत, म्हणून पहिलं अक्षर बाजूला निघतं. दुसरं कारण ओळखीचं. डी-आर-ए-एम खरं तर 'ड्रॅम' म्हणून सहज म्हणता आलं असतं, पण आत 'रॅम' दिसतो, तो आधीच ओळखीचा आहे, म्हणून 'डी-रॅम'. व्ही-लॅनमध्ये 'लॅन' आहे, एच-मॅकमध्ये 'मॅक' आहे. त्यामुळे नवं लांबलचक लघुरूप दिसलं की पोटात एखादा जुना शब्द लपलाय का, हे आधी तपासा. सापडला तर काम झालं.

सी-एस-आर-एफ या सुरक्षेतल्या लघुरूपात तर एकही स्वर नाही. पायरी १ प्रमाणे ते सुटं म्हणायला हवं, आणि म्हटलं तर कुणी हसत नाही. पण बरेच जण मध्ये पदरचा स्वर घालून 'सी-सर्फ' म्हणतात. त्याचा भाऊबंद सी-ओ-आर-एस हा 'कॉर्स'.

पायरी ३: जिथे दोन तट आहेत

काही लघुरूपांचे दोन उच्चार आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम. यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात रोजच्या वापरातला वाद एसक्यूएलचा, म्हणून त्यावर जरा थांबू.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसमधून माहिती काढायची ही भाषा तयार केली. १९७४ मध्ये त्यांनी ती मांडली तेव्हा तिचं नाव होतं 'सीक्वेल', म्हणजे स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज. पण हे नाव हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघालं. मग नावातले स्वर गाळले आणि एस, क्यू, एल उरले. लिहिण्यातून सीक्वेल गेलं, बोलण्यातून गेलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ॲन्सी या संस्थेने भाषेचं प्रमाण जाहीर केलं ते एसक्यूएल याच नावाने. त्यामुळे 'सीक्वेल' म्हणणारा इतिहासाचा दाखला देतो आणि 'एस-क्यू-एल' म्हणणारा प्रमाणाचा. दोघंही खोटं बोलत नाहीत.

खरी मजा पुढे आहे. या भाषेवर उभी राहिलेली उत्पादनं आपापला उच्चार घेऊन आली. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत लिहिलंय की नावाचा उच्चार 'माय-एस-क्यू-एल', पण कुणी 'माय सीक्वेल' म्हटलं तर आमची हरकत नाही. पोस्टग्रेसवाले 'पोस्टग्रेस-क्यू-एल' म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात नुसतं 'पोस्टग्रेस'. तिथे 'सीक्वेल' लावायला गेलात तर ग्रेसमधला स दोनदा म्हणावा लागेल. मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनाला सर्रास 'सीक्वेल सर्व्हर' म्हणतात. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप मात्र 'एस-क्यू-एल-आइट' म्हणतात, एखाद्या खनिजाचं नाव घ्यावं तसं. म्हणजे मूळ भाषेला तुम्ही काहीही म्हणा, उत्पादनाचं नाव घेताना त्या उत्पादनाच्या लोकांचा उच्चार पाळा. नव्या माणसाला माझा सल्ला: भाषेला 'एस-क्यू-एल' म्हणा. ते कुठेही चुकत नाही, आणि टीममध्ये सगळे 'सीक्वेल' म्हणत असतील तर आठवडाभरात तुमच्याही तोंडी तेच येईल.

दुसरा वाद जी-आय-एफचा, आणि तो गाजलाय जास्त, महत्त्वाचा आहे कमी. हे चित्रस्वरूप कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये आणलं. ते घडवणारे स्टीव्ह विल्हाइट यांनी २०१३ मध्ये वेबी पुरस्कार घेताना जाहीरपणे सांगून टाकलं की उच्चार 'जिफ' आहे. तरी जगातले असंख्य लोक 'गिफ' म्हणत राहिले. त्यांचा मुद्दा असा की जी हे अक्षर ग्राफिक्समधून आलंय, मग ग का नको? ऐकायला बिनतोड वाटतं, पण टिकत नाही. जे-पेगमधला पी हा फोटोग्राफिकमधला आहे. म्हणून कुणी 'जे-फेग' म्हणत नाही. सिममधला आय हा आयडेंटिटीमधला, तरी आपण 'सिम' म्हणतो, 'साइम' नाही. लघुरूप एकदा जन्माला आलं की अक्षरं मूळ शब्दातला आवाज सोबत आणत नाहीत. एवढं ध्यानात ठेवलं तर पूर्ण रूप पाठ करून उच्चार काढायचा उलटा खटाटोप वाचतो.

आणि काही उच्चार कागदोपत्री ठरलेले असूनही चाललेच नाहीत. पीएनजीच्या मूळ दस्तऐवजात उच्चार 'पिंग' दिलाय. पण नेटवर्क तपासायची 'पिंग' ही आज्ञा त्याआधीपासून सगळ्यांच्या बोटांवर होती. 'मला पिंग पाठव' म्हटल्यावर चित्र पाठवायचं की अजून काही, हे कळणार कसं? लोक निमूटपणे 'पी-एन-जी' म्हणतात. तसंच जेडब्ल्यूटीचं. २०१५ च्या आरएफसी ७५१९ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात स्पष्ट सुचवलंय की हे 'जॉट' म्हणावं. तुम्ही 'जॉट' म्हणालात तर माहीतगार मान डोलावतील आणि बाकीचे विचारतील, 'काय?' सुरुवातीला 'जे-डब्ल्यू-टी' म्हणणं शहाणपणाचं.

पायरी ४: आकडे, दुहेरी अक्षरं आणि झेड

आय-ई-ई-ई या संस्थेला 'आय-ट्रिपल-ई' म्हणतात, तीन ई ओळीने म्हणायचे नाहीत. डब्ल्यू-थ्री-सी मधला आकडा इंग्रजीच म्हणायचा. अस्की हे एक नाव मात्र जपून घ्या: त्याच्या शेवटी आय दोनदा येतो, आणि नवखे लोक तो रोमन अंकातला दोन समजून 'अस्क-टू' वाचतात. ते 'अस्की'च आहे.

के-८-एस, आय-१८-एन, ए-११-वाय अशी आकडे पोटात घेतलेली रूपं दिसली तर घाबरू नका. आकडा म्हणजे गाळलेल्या अक्षरांची संख्या. पहिलं कुबरनेटीस, दुसरं इंटरनॅशनलायझेशन, तिसरं ॲक्सेसिबिलिटी. म्हणताना पूर्ण शब्द म्हटला तर उत्तम. 'आय-एटीन-एन' आणि 'ए-इलेव्हन-वाय' हेही चालतं, आणि पहिल्याला 'केट्स' म्हणणारेही भेटतील.

झेड हे अक्षर अमेरिकन माणूस 'झी' म्हणतो. 'झी-एफ-एस' ऐकलं तर ते आपलंच 'झेड-एफ-एस' आहे. एवढं पुरे.

डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू बद्दल एक गंमत जाता जाता: वर्ल्ड वाइड वेब हे मूळ नाव तीन अवयवांत (म्हणजे एका झटक्यात म्हणायच्या तुकड्यांत) संपतं आणि त्याचं लघुरूप इंग्रजीत नऊ अवयव घेतं. लघुरूप लांब आणि मूळ नाव आखूड, असा नमुना विरळाच.

पायरी ५: मराठी जिभेचे फायदे-तोटे

इथे इंग्रजीतली मार्गदर्शकं आपल्या उपयोगाची नाहीत, कारण आपल्या अडचणीच वेगळ्या आहेत.

सगळ्यात मोठी अडचण अर्धचंद्राची. 'नॅट' आणि 'नेट', 'लॅन' आणि 'लेन'. घाईत बोलताना अर्धचंद्र सपाट होतो आणि अर्थ बदलतो. नॅट ही नेटवर्कचे पत्ते बदलून देणारी सोय आहे आणि नेट म्हणजे नुसतं इंटरनेट. 'नेट बंद केलंय' आणि 'नॅट बंद केलंय' या दोन वाक्यांवर धावाधाव वेगवेगळ्या दिशेने होते. इथे तोंड पुरतं उघडून ॅ म्हणायची सवय लावून घ्या.

दुसरी झ ची. स्कझी हे जुन्या डिस्क जोडणीचं नाव, लिहिताना एस-सी-एस-आय. पाहता ते दिसतं भलतंच आणि म्हणतात भलतंच, म्हणून ते पाठच करावं लागतं. त्यातला झ 'झोप'मधला आहे, 'झिजणे'मधला नाही. 'विझिविग' (पडद्यावर दिसतं तसंच शेवटी उमटतं, असा संपादक) यातलाही तोच.

फायदासुद्धा आहे. जी-एन-यू या प्रकल्पाने स्वतःच सांगून ठेवलंय की नाव एका दमात म्हणायचं, ग आणि न यांच्यामध्ये स्वर न घालता. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे कसरत होते. आपण 'अग्नी', 'मग्न' रोज म्हणतो. 'ग्नू' म्हणायला आपल्याला काय लागतं?

पायरी ६: खात्री करून घ्या

अंदाज बांधून झाला की पडताळा. सगळ्यात भरवशाचं ठिकाण म्हणजे त्या तंत्राची अधिकृत माहिती. उच्चार वादग्रस्त असेल तर बहुधा 'हे नाव कसं म्हणायचं' असा प्रश्न तिथे असतोच. त्याच्या खालोखाल, तंत्र बनवणाऱ्याचं एखादं भाषण ऐका. पहिली दोन मिनिटं पुरतात, कारण नाव तेवढ्यात चारदा येतं.

भाषण मिळत नसेल तर एक चोरवाट आहे. इंग्रजी मजकुरात लघुरूपाच्या आधी 'अ' लावलाय की 'ॲन', ते बघा. स्वराच्या आवाजाआधी ॲन येतो. 'ॲन एसक्यूएल क्वेरी' लिहिणारा माणूस मनात 'एस-क्यू-एल' वाचतोय, 'अ एसक्यूएल क्वेरी' लिहिणारा 'सीक्वेल'. 'ॲन एफएक्यू' लिहिणारा 'एफ-ए-क्यू' म्हणतो, 'अ एफएक्यू' लिहिणारा 'फॅक'. ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही: एलडॅप सुटं म्हणा की जोडून, सुरुवात 'एल'नेच होते, तेव्हा ॲनवरून काहीच कळत नाही. पण जिथे लागू पडते तिथे लिहिणाऱ्याचा आवाज कागदावर पकडता येतो.

दोन्ही उच्चार चालतात असं कळलं तर टीममध्ये जो चालतो तो घ्या. आणि कुणी वेगळा उच्चार केला तर मध्येच टोकू नका. चारचौघांत उच्चार सुधारणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी कुणी शंका विचारत नाही. फार खटकलं तर आपल्या वाक्यात योग्य उच्चार सहज येऊ द्या, समोरचा काय ते समजून घेतो. ज्याचा उच्चार चुकतो त्याने ते पुष्कळदा वाचून, स्वतःच्या हिमतीवर शिकलेलं असतं, हेही विसरू नये.

पायरी ७: मराठी वाक्यात बसवताना

एकटा शब्द म्हणता येणं वेगळं आणि वाक्यात तो वागवता येणं वेगळं. हे वाक्य मोठ्याने वाचा:

'एपीआयकडून येणारं जेसन नीट आहे, पण कॉर्समुळे ब्राउझर अडवतोय. यूआरएलमधला पोर्ट बघ.'

चार लघुरूपं, दोन सुटी आणि दोन शब्द झालेली. प्रत्यय दोन्हींना सारखाच, थेट चिकटून: एपीआयकडून, कॉर्समुळे, यूआरएलमधला. सुटी अक्षरं म्हणताना आघात शेवटच्या अक्षरावर येतो, यू-आर-*एल*, आणि प्रत्यय लागला तरी तो तिथेच राहू द्या. अनेकवचनाला इंग्रजी स जोडायची गरज नाही; 'तीन एपीआय' म्हटलं की झालं, 'तीन एपीआयज' कानाला खुपतं.

लिंगाचं काय? सहसा लघुरूपाच्या मागे उभ्या असलेल्या शब्दाचं लिंग चालतं. ओटीपी 'आला', कारण पासवर्ड तो. पीडीएफ 'पाठवली', कारण फाइल ती. रॅम 'वाढवली', कारण मेमरी ती. आयपी 'बदलला', कारण तो पत्ता. यूआरएल मात्र अधांतरी आहे: कुणाच्या मनात पत्ता असतो, कुणाच्या मनात लिंक, म्हणून ते कुठे 'चुकलेला' असतं आणि कुठे 'चुकलेली'. दोन्ही चालू द्या.

पायरी ८: फोनवर आणि कॉलवर

समोरासमोर निभावतं ते फोनवर फसतं. इंग्रजीतली बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही अक्षरं सगळी ईकारान्त. लाइन खराब असली की एकीची दुसरी ऐकू येते. एम आणि एन, एफ आणि एस यांचंही तेच. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर विमान वाहतुकीतली वर्णमाला वापरा: एम फॉर माइक, एन फॉर नोव्हेंबर, बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा.

सगळ्यात धोक्याची जोडी एसएफटीपी आणि एफटीपीएस. चारही अक्षरं एकच नाहीत का, असं वाटेल. आहेत, फक्त एस एकात पुढे आणि दुसऱ्यात मागे. पण दोन्ही संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एसएसएचवर चालते, दुसरी म्हणजे जुन्या एफटीपीला टीएलएसचं कवच. कॉलवर तो एस गिळला गेला तर दोन्हीकडून नुसतं 'एफटीपी' ऐकू येतं आणि समोरचा भलताच सर्व्हर उघडून बसतो. अशा वेळी लघुरूपासोबत पोर्टही सांगा: एसएफटीपी असेल तर बहुधा २२, एफटीपीएस असेल तर २१ किंवा ९९०. आणि बोलणं झालं की तेच चॅटवर टाइप करून टाका.